गॅस गीझर पेटत नाही? प्रेशर स्विच बदलण्याआधी हे तपासा

नळ उघडला, पाणी येतंय, पण गीझरमधून ना टिकटिक ना ज्योत. अशा वेळी मला येणाऱ्या फोनवर निदान आधीच झालेलं असतं : "दादा, प्रेशर स्विच गेलाय, नवीन घेऊनच या." मी मुंबईत गॅस गीझर दुरुस्त करतो, जास्त करून दादर ते बोरिवली पट्ट्यात, आणि दर हिवाळ्यात सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे असतात. त्यातल्या बहुतेक घरांत हा स्विच, म्हणजे पाणी वाहायला लागलं की ठिणगी चालू करणारा भाग, धडधाकट निघतो. त्याला हलवायला जेवढं पाणी लागतं तेवढं त्याच्यापर्यंत पोचतच नसतं. अशा ठिकाणी नवा स्विच बसवला की गिऱ्हाईकाचे पैसे जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गीझर परत गप्प.

म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो. बरंचसं तुम्ही स्वतः, गीझर न उघडता करू शकता. कुठे थांबायचं तेही त्या त्या जागी लिहिलं आहे, आणि तिथे खरंच थांबा. हे सगळं आपल्याकडच्या साध्या इन्स्टंट गीझरबद्दल आहे : पाच-सहा लिटरचा, दोन मोठ्या सेलवर ठिणगी देणारा, सिलिंडरवर किंवा पाइप गॅसवर चालणारा. पंख्याच्या, विजेच्या प्लगवाल्या गीझरचं प्रकरण वेगळं आहे, ते शेवटी घेतलंय.

सुरू करण्याआधी एकच गोष्ट. गॅसचा वास येत असेल तर पुढचं काही करू नका. सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइप गॅसचा कॉक बंद करा, खिडक्या-दारं उघडा, विजेचं कुठलंही बटण चालू-बंद करू नका, आणि बाहेर जाऊन फोन करा. सिलिंडरच्या गळतीसाठी १९०६ हा देशभराचा आपत्कालीन क्रमांक आहे. पाइप गॅसवाल्यांनी आपल्या बिलावर छापलेला आपत्कालीन क्रमांक आजच मोबाइलमध्ये टाकून ठेवावा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साठतो. पाइपचा गॅस हलका, तो वर छताकडे जातो. वास घेताना हे लक्षात ठेवा.

लक्षणं

"गीझर चालत नाही" एवढ्यावरून काहीच कळत नाही. नेमकं काय होतंय ते नळाशी उभं राहून बघा आणि ऐका.

१. गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडला तरी टिकटिक अजिबात होत नाही.

२. खालच्या, बादलीच्या नळाला गीझर पेटतो, शॉवरला पेटत नाही.

३. पहाटे पेटतो, साडेसात-आठला पेटत नाही.

४. पेटतो, पण गार पाण्याचा नळ मिसळायला उघडला की विझतो.

५. टिकटिक होते पण ज्योत धरत नाही, किंवा धरून काही सेकंदांत जाते.

६. नळ बंद केला तरी टिकटिक किंवा ज्योत चालूच राहते.

पहिली चार लक्षणं पाण्याच्या बाजूची आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पाचव्यात टिकटिक ऐकू आली याचा अर्थ पाण्याने आपलं काम केलं, पिन सरकली, स्विच लागला. मग दोष सेल, गॅस, ज्योत ओळखणारी काडी किंवा सोलेनॉइड (गॅस सोडणारा विजेवरचा वॉल्व्ह) यांच्यात शोधायचा. टिकटिक होत असताना प्रेशर स्विच बदलायला निघालेल्या मेकॅनिकला जरूर विचारा : "टिकटिक होतेय म्हणजे स्विच लागलाय, मग तो का बदलायचा?" आणि सहावं लक्षण दिसलं तर आधी गॅस बंद करा. पिन किंवा स्विच अडकला आहे. आत साठलेलं पाणी उकळतंय, बाहेर जायला वाट नाही. या गीझरला मेकॅनिक येईपर्यंत हात लावायचा नाही, "एकदा अंघोळ उरकून घेतो" असंही नाही.

एक लक्षण दोष वाटतं पण दोष नसतं : बराच वेळ नीट चालून वीस मिनिटांच्या आसपास गीझर आपोआप विझतो. पुष्कळ मॉडेलमध्ये सुरक्षेसाठी टायमर बसवलेला असतो. नळ बंद करून पुन्हा उघडला की तो परत पेटतो.

आत होतं काय

हे समजून घेतलं की पुढच्या प्रत्येक तपासणीचं कारण आपोआप कळतं.

गार पाणी गीझरमध्ये जिथे शिरतं तिथे एक गोल, धातूचा चपटा डबा असतो. त्यात रबरी पडदा ताणून बसवलेला असतो, आम्ही त्याला डायफ्रॅम म्हणतो. पाणी वाहायला लागलं की ते एका अरुंद भोकातून वेगाने जातं आणि तिथला दाब घटतो. तो घटलेला दाब पडद्याच्या एका बाजूला, आणि येणाऱ्या पाण्याचा पूर्ण दाब दुसऱ्या बाजूला. या फरकाने पडदा फुगतो आणि त्याला टेकलेली पिन पुढे सरकते, जेमतेम काही मिलिमीटर. पिन दोन कामं करते. गॅसचा वॉल्व्ह ढकलते आणि बाजूला स्क्रूने बसवलेल्या नखाएवढ्या मायक्रोस्विचची पट्टी हलवते. स्विच लागला की सेलची वीज ठिणगीच्या मॉड्यूलला मिळते, सोलेनॉइड गॅस सोडतो, टिकटिक होते, ज्योत धरते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पडद्याला वाहतं पाणी लागतं. नळ बंद असताना पाइपमध्ये दाब कितीही असला तरी पडद्याच्या दोन्ही बाजूंना तो सारखाच, म्हणजे पिन जागची हलत नाही. म्हणून "आमच्याकडे प्रेशर भरपूर आहे" या म्हणण्यावर मी भागवत नाही, वाहणारं पाणी मोजतो. दुसरी, हा स्विच तिथे तुमच्या संरक्षणासाठी आहे. पाणी नाही तर आग नाही, एवढं एकच तो बघतो. पाणी नसताना बर्नर पेटला तर तांब्याची कॉइल काही मिनिटांत जळते. स्विचच्या दोन वायरी पिळून जोडून "चालू करून देणारे" भेटतात. तसं कुणाला करू देऊ नका, आणि तुमच्या गीझरमध्ये कधी केलेलं असेल तर ते काढून घ्या.

पहिली तपासणी : मोजमापाचा जग आणि घड्याळ

खर्च शून्य. गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडा, गार बंद ठेवा, आणि एक लिटरचा जग भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. गीझर ज्या वेळेला रुसतो त्याच वेळेला मोजा, दुपारी निवांत असताना नाही.

साध्या गीझरला पेटायला मिनिटाला साधारण अडीच ते तीन लिटर पाणी लागतं. म्हणजे लिटरचा जग वीस-चोवीस सेकंदांत भरला पाहिजे. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर स्विचला दोष देऊ नका. पंधरा सेकंदांत भरतोय आणि तरीही टिकटिक नाही, तर पाणी पुरेसं आहे, थेट सेलच्या तपासणीकडे जा. या एका मोजणीने अर्धं काम होतं, म्हणून मी कुठल्याही घरात शिरल्यावर पाना काढण्याआधी जग मागतो.

आता गार पाण्याच्या नळाला तोच जग लावा. गारही तितकंच हळू येत असेल तर प्रश्न इमारतीच्या पाण्याचा आहे. गार जोरात आणि गरम हळू, तर अडथळा गीझरच्या वाटेत कुठेतरी आहे.

वरच्या मजल्याचा प्रश्न

मुंबईत या तक्रारीचं सर्वांत मोठं कारण हेच आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून खाली येतं. टाकीतल्या पाण्याची पातळी आणि तुमचा नळ यांत जितकं उंचीचं अंतर, तितका दाब. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे ०.१ मेगापास्कल. गीझरच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत किमान दाब लिहिलेला असतो. तो ०.०२५ मेगापास्कल असेल तर अडीच मीटर उंची हवी. चार मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला याची कधी आठवणही होत नाही. पण शेवटच्या मजल्यावर, टाकी गच्चीच्या स्लॅबवर नुसती दोन विटांवर टेकवलेली असेल, तर टाकीचा तळ आणि शॉवर यांत दीड मीटरसुद्धा भरत नाही. टाकी भरलेली असते तेव्हा पाण्याच्या उंचीची भर पडते आणि गीझर पेटतो. सकाळी सगळ्यांच्या अंघोळी सुरू झाल्या, टाकी अर्ध्यावर आली, की तोच गीझर गप्प. तिसरं लक्षण बहुतेक वेळा इथूनच येतं.

जुन्या चाळींत आणि ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या घरांत याहून अवघड असतं. पाणी माळ्यावरच्या प्लास्टिकच्या टाकीत साठवलेलं, ती बाथरूमच्या छतावर, आणि गीझर तिच्याखाली हातभर अंतरावर. इतक्या उंचीवर साधा गीझर पेटणं शक्यच नाही, स्विच कितीही नवा असो.

गिरगावात शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंकडे आधीच्या माणसाने स्विच आणि डायफ्रॅम दोन्ही बदललं होतं. त्या म्हणाल्या, "अहो, तिसरा स्विच टाका हवा तर, पण एकदाचं गरम पाणी येऊ दे." जग लावला तर लिटरला चाळीस सेकंद. गच्चीवर गेलो. टाकी जमिनीलगत होती, आणि तिथून खाली येणारा जुना लोखंडी पाइप आतून गंजाने इतका भरला होता की कापलेल्या तुकड्यातून करंगळी जाईना. पाइप बदलला, टाकीच्या जवळ छोटा प्रेशर पंप बसवला, आणि त्याच गीझरमध्ये त्याच स्विचवर ज्योत आली.

उपाय काय? टाकी उंच स्टँडवर घेणं, गंजलेला पाइप बदलणं, शेवटच्या मजल्यासाठी टाकीपासून स्वतंत्र लाइन आणणं, प्रेशर पंप बसवणं, किंवा कमी दाबावर चालणारं मॉडेल घेणं. पंप टाकीनंतरच्या पाइपवर बसवायचा. पालिकेच्या येणाऱ्या लाइनवर थेट पंप लावायला परवानगी नाही. टाकीचं स्टँड बदलायचं तर सोसायटीच्या कमिटीशी बोलावं लागेल आणि गच्चीचा स्लॅब ते वजन पेलतो का हेही बघावं लागेल, ते काम गीझरवाल्याचं नाही.

दुसरी तपासणी : सेल

टिकटिक नसेल आणि पाणी पुरेसं असेल तर आधी सेल. दोन्ही एकदम नवे, एकाच कंपनीचे, अल्कलाइन घ्या. एक जुना एक नवा असं करू नका. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचा असतो, दोन मिळून २.४ होतात, आणि बऱ्याच मॉड्यूलना ते पुरत नाहीत. घरात मल्टिमीटर असेल तर सेल मोकळे मोजून उपयोग नाही, थकलेला सेलही मोकळा असताना चांगला आकडा दाखवतो. टिकटिक चालू असतानाचा आकडा खरा.

सेलच्या पत्र्याच्या पट्ट्या नीट बघा. समुद्राजवळच्या घरांत, वरळी, माहीम, वर्सोवा या बाजूला, त्यांच्यावर हिरवट-पांढरा गंज धरलेला असतो. खारी हवा आणि बाथरूमची वाफ दोन्ही एकत्र. सेल काढा, पट्टी जुन्या टूथब्रशला थोडं व्हिनेगर लावून घासा, कोरडी पुसा, मग बारीक पॉलिश पेपर फिरवा. पट्टी सैल झाली असेल तर किंचित बाहेर ओढा. नवा स्विच न लागता सुटणाऱ्या तक्रारींत याचा नंबर पाण्याच्या खालोखाल आहे.

गीझर महिनोन् महिने बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा. मुंबईत पुष्कळ घरांत मार्चपासून गीझर बंद असतो आणि थेट नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानासाठी, पहिल्यांदा सुरू होतो. सेल पाझरलेले, पडदा बैठकीला चिकटलेला, आणि त्यात अख्ख्या इमारतीच्या अंघोळी एकाच तासात. त्या पहाटे मला येणारे फोन यातूनच येतात. दिवाळीच्या आठवडाभर आधी गीझर एकदा सुरू करून बघितला तर यातलं सगळं वेळेत कळतं.

तिसरी तपासणी : कॉक आणि जाळी

गीझरला गार पाणी देणारा अँगल कॉक पूर्ण उघडा आहे ना ते बघा. रंगकाम, टाइल्स किंवा गळती दुरुस्त करताना कुणीतरी तो अर्धा फिरवलेला असतो आणि ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

मग जाळी. कॉक बंद करा, गॅस बंद करा, सेल काढा, खाली बादली ठेवा आणि गार पाण्याची फ्लेक्सिबल नळी गीझरच्या बाजूने सोडवा. आत चहाच्या गाळणीसारखी बारीक जाळी बसवलेली असते. ती चिमट्याने अलगद ओढा. तिच्यात काय सापडतं ते सांगतो : गंजाचे चपटे पापुद्रे, वाळू, टेफ्लॉन टेपच्या पांढऱ्या चिंध्या, टाकी साफ केल्यावर सुटलेला काळा गाळ. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं, पाइपलाइनच्या कामासाठी पाणीपुरवठा बंद ठेवून पुन्हा सुरू झाला, किंवा सोसायटीने टाकी धुतली, की पुढच्या आठवड्यात जाळ्या तुंबतात. टँकर आणि बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, तिथे जाळीवर पांढरा थर बसतो. तो व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून ब्रशने निघतो.

जाळी धुऊन परत लावा, फेकू नका. "जाळी काढली, आता पाणी जोरात येतं" असं सांगणाऱ्यांच्या गीझरमध्ये पुढे तोच कचरा पडद्याच्या बारीक भोकात जाऊन बसतो, आणि तो काढायला मग डबा उघडावा लागतो. जुळवताना वायसर जागेवर बसला आहे ना बघा. नळी बसवण्याआधी कॉक क्षणभर बादलीत सोडा म्हणजे पाइपमधला कचरा बाहेर पडेल आणि प्रवाहाचा अंदाजही येईल.

चौथी तपासणी : पाणी बाहेर पडायची वाट

शॉवरला पेटत नाही, बादलीच्या नळाला पेटतो, तर शॉवरचं तोंड फिरवून काढा आणि नुसत्या पाइपमधून पाणी सोडा. आता पेटला? तर दोष शॉवरच्या बारीक भोकांत साठलेल्या क्षारांचा. मोठ्या, छत्रीसारख्या पसरट शॉवरला मुळातच जास्त पाणी लागतं आणि तो उंचावर असतो. शेवटच्या मजल्यावर तो शोभेचाच ठरतो. नळाच्या तोंडाशी फेस आणणारी जाळी असेल तर तीही काढून धुवा.

गार नळ उघडला की गीझर विझणं याला मुंबईचं हवामान जबाबदार आहे. सहा लिटरचा गीझर म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी साधारण २५ अंशांनी तापवणारा. तोच गीझर तीन लिटरच्या प्रवाहात पूर्ण आचेवर चालला तर पाणी जवळजवळ ५० अंशांनी चढेल. आपल्याकडे नळाचं पाणी थंडीतही फारसं गार नसतं, त्यामुळे येणारं पाणी अंगावर घेता येत नाही इतकं तापतं. मग माणूस गार पाणी मिसळतो, मिक्सरमध्ये गारचा जोर गरमला मागे रेटतो, गीझरमधून वाहणारं पाणी आणखी घटतं, पिन परत येते, ज्योत जाते. इथे करायचं एवढंच : गॅसची खुंटी कमी करा, पाण्याची खुंटी जास्त पाण्याच्या बाजूला न्या, उन्हाळा-हिवाळा असं बटण असेल तर उन्हाळ्यावर ठेवा, आणि गरम नळ पूर्ण उघडा ठेवून गार अगदी थोडा मिसळा. गरम नळ आवळून तापमान जुळवायला गेलात तर गीझर विझणारच.

बाथरूमचं नूतनीकरण झाल्यापासून गीझर एकदाही पेटला नसेल तर गार-गरम नळ्या उलट जोडल्या गेल्या आहेत का बघा. पाणी उलट्या दिशेने गेलं की पडद्यावर हवा तसा फरक पडत नाही. नळाला पाणी मात्र नेहमीसारखं येतं, म्हणून हे पटकन ध्यानात येत नाही.

पाचवी तपासणी : झाकण काढून फक्त बघायचं

इथवर सगळं ठीक असेल तरच. आणि हाताने पाना-पेचकस चालवायची सवय नसेल तर इथेच थांबा, मेकॅनिकला बोलवा.

गॅस सिलिंडरपाशी किंवा भिंतीवरच्या कॉकपाशी बंद करा. खुंट्या ओढून काढा, स्क्रू सोडा, झाकण उतरवा. आता सेल लावून ठेवा आणि दुसऱ्या कुणाला तरी नळ उघडायला सांगा. तुम्ही पाण्याच्या डब्यातून निघणाऱ्या पिनकडे बघा.

पिन हलली, स्विचचा बारीक टक आवाज आला, टिकटिकही झाली : स्विच ठीक आहे.

पिन हलली, पण टिकटिक नाही : मायक्रोस्विच, त्याच्या वायरीचं टोक किंवा मॉड्यूल. बऱ्याचदा वायरीचं टोक गंजून सैल झालेलं असतं. सेल काढून ते ओढून पुन्हा घट्ट बसवून बघायला हरकत नाही.

पिन हललीच नाही, आणि पाणी जोरात येतंय : पडदा कडक झालाय किंवा फाटलाय, नाहीतर पिनवर क्षारांचा थर बसून ती अडकली आहे.

पाण्याचा डबा आणि गॅसचा भाग जिथे मिळतात तिथे एक छोटं छिद्र असतं. त्यातून थेंब पडत असतील तर पिनचं सील गेलं आहे. ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं, पाणी गॅसच्या बाजूला न जाता बाहेर दिसावं म्हणून. ते एम-सीलने बुजवलेलं मी पाहिलं आहे. तसं कधीच करू नका.

डायफ्रॅम बदलणं दिसायला सोपं असतं : चार स्क्रू आणि एक रबर. पण तोच डबा गॅसच्या वॉल्व्हला टेकलेला आहे. पिन तिरकी बसली किंवा परत येताना अडली तर नळ बंद केल्यावरही गॅस चालू राहील. म्हणून डबा उघडायचं काम घरी करू नये असं माझं ठाम मत आहे, तुम्ही कितीही हुशार असलात तरी. स्विच आणि पडदा दोन्ही स्वस्त भाग आहेत, पैसे तुम्ही तपासणीचे आणि सुरक्षिततेचे देता.

पंख्याचे गीझर

धूर बाहेर फेकणारा पंखा आणि नळकांडं असलेल्या गीझरमध्ये आणखी एक प्रेशर स्विच असतो, तो हवेचा. पंख्याने हवा खेचली की बारीक रबरी नळीतून तो दाबाचा फरक ओळखतो आणि मगच गॅस सुटू देतो. डिस्प्लेवर एरर कोड आला तर त्याचा अर्थ पुस्तिकेत बघा, प्रत्येक मॉडेलचे कोड वेगळे.

तुम्ही बघण्यासारखं एवढंच : विजेचा पुरवठा येतोय का, पंखा फिरल्याचा आवाज येतो का, आणि बाहेरून नळकांड्याचं तोंड मोकळं आहे का. मुंबईत यात कबुतरांचं घरटं सापडणं नेहमीचं आहे, काड्या, पिसं, विष्ठा सगळं. पावसाळ्यात पश्चिमेकडून येणारा वाऱ्याचा झोत तोंडातून उलटा शिरला तरी स्विच गीझर बंद करतो, आणि बरोबर करतो. बाहेर वाकून घरटं काढायला जाऊ नका, खिडकीबाहेरचं काम दोरी बांधलेल्या माणसाचं आहे. नळकांडं, पंखा, हवेचा स्विच यांतलं काही उघडायचं असेल तर ते मेकॅनिकचं काम. हा स्विच जोडून टाकणं म्हणजे धूर घरात राहू देणं.

कधी थांबायचं

गॅसचा वास. नळ बंद केल्यावरही ज्योत. निळ्याऐवजी पिवळी, लांबट ज्योत किंवा झाकणावर काजळी. डब्याच्या छिद्रातून थेंब. अंघोळ करताना डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ. यातलं एकही दिसलं तर गॅस बंद, गीझर बंद, मेकॅनिक.

शेवटच्या लक्षणाबद्दल आणखी सांगायला हवं. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस आत कडी लावून अंघोळ करत असताना शुद्ध हरपते. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे आपल्या शहरात माणसं गेली आहेत. गीझर बाथरूमच्या बाहेर, हवा खेळेल अशा जागी हवा. आधीपासून आत बसवलेला असेल तर तो बाहेर हलवून घ्या. तोवर पाणी आधी बादलीत भरा, गीझर बंद करा, मग अंघोळ करा. कबुतरं येतात म्हणून किंवा पावसाची झड येते म्हणून व्हेंटिलेटरच्या काचांवर प्लास्टिक चिकटवलेलं असेल तर ते आजच काढा. कुणाला गरगरलं तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणा आणि लगेच दवाखान्यात न्या.

पाइप गॅसचा कुठलाही जोड, मीटर किंवा रबरी नळी यांना गॅस कंपनीच्या अधिकृत माणसाखेरीज कुणाचा हात लागू देऊ नका. सिलिंडरचा गीझर पाइप गॅसवर घेतला असेल आणि जेट (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) बदलले नसतील तर तेही त्यांच्याकडूनच तपासून घ्या. घरगुती सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस साधारण ३० मिलिबारने येतो, पाइप गॅस साधारण २१ मिलिबारने, आणि दोन्ही गॅसही वेगळे. एकाचे जेट दुसऱ्याला चालत नाहीत.

मेकॅनिकला फोन करताना हे सांगा : मॉडेल, गॅस कुठला, मजला कितवा, लिटरचा जग किती सेकंदांत भरतो, टिकटिक होते की नाही, सेल कधी बदलले. एवढं कळलं की तो योग्य भाग बरोबर आणतो, नाहीतर दोन खेपा होतात. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या आणि पडदा बोटांवर ताणून उजेडात धरा, चीर असेल तर दिसते.

काम झाल्यावर मेकॅनिक निघण्याआधी तुमच्यासमोर दोन गोष्टी करून घ्या. गॅसच्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येत नाहीत ना ते बघा, काडेपेटी लावून कुणी तपासत असेल तर त्याला थांबवा. आणि नळ तीन-चार वेळा उघड-बंद करा : बंद केल्याबरोबर ज्योत गेली पाहिजे. एकदाही रेंगाळली तर त्याला झाकण पुन्हा उघडायला सांगा.